खाली बसवलेला पिकअप, हवेचे सस्पेन्शन आणि चाकांची अलाइनमेंट

पिकअप गाडी खाली बसवून तिला हवेवरचे सस्पेन्शन लावण्याची हौस आता कोल्हापुरातही दिसते, आणि तिच्या पाठोपाठ येणारी तक्रारही जवळजवळ ठरलेली असते. नवे टायर घालून थोडेच दिवस झालेले असतात, तरी पुढच्या टायरांची आतली कड गुळगुळीत होते, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करून आणलेल्या कागदावर मात्र सगळे आकडे हिरव्या रंगात छापलेले असतात. मालकाला वाटते की मशीन बिघडलेले आहे किंवा कारागिराने हात राखून काम केले आहे. पुष्कळदा खरे कारण वेगळेच असते. खाली बसवलेली गाडी रॅम्पवर चढत नाही म्हणून स्प्रिंगच्या जागी बसवलेल्या रबरी फुग्यांत हवा भरून ती उंच केली जाते, त्याच उंचीवर कोन मोजून जुळवले जातात, आणि बाहेर पडल्यावर मालक हवा सोडून गाडी पुन्हा आपल्या आवडत्या उंचीवर आणतो. अलाइनमेंटचा कोणताही आकडा हा गाडीच्या एका विशिष्ट उंचीचा आकडा असतो. उंची बदलली की तो आकडा खोटा ठरतो, आणि हवेच्या सस्पेन्शनमध्ये तर उंची बदलण्यासाठीच सगळी यंत्रणा बसवलेली असते. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे किती चांगले टायर वाया जातात, हे पाहून वाईट वाटते.

चाकाचा कोन तीन दिशांनी पाहिला जातो. गाडीसमोर उभे राहिल्यावर चाक सरळ उभे आहे की त्याचा वरचा भाग आत किंवा बाहेर कलला आहे, हे कॅम्बर सांगतो, आणि वरचा भाग गाडीकडे कललेला असेल तर कॅम्बर ऋण मानतात. वरून पाहिल्यास दोन्ही पुढच्या चाकांची तोंडे एकमेकांकडे वळली आहेत की एकमेकांपासून फाकली आहेत, हे टो सांगतो. पहिल्या स्थितीला टो-इन आणि दुसरीला टो-आउट म्हणतात. तिसरा कोन कास्टर. तो बाजूने पाहावा लागतो. स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्या अक्षाचे वरचे टोक मागे झुकलेले असले की कास्टर धन असतो, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर परत येते ते मुख्यतः याच झुकावामुळे.

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या पिकअपना पुढे वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मचे स्वतंत्र सस्पेन्शन असते, तर मागे सलग ॲक्सल आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात. पुढच्या आर्मची आतली टोके चासीला, म्हणजे गाडीच्या चौकटीला, रबरी बुशवर बसवलेली असतात आणि बाहेरची टोके बॉल जॉइंटने नकलला, म्हणजे चाक धरून स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाला, धरलेली असतात, त्यामुळे चाक वरखाली होताना प्रत्येक आर्म बिजागरीवर फिरणाऱ्या दारासारखा वर्तुळाकार मार्गाने फिरतो. वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असतो. आखूड आर्मचे टोक तेवढ्याच उंचीच्या बदलाला जास्त आत सरकते, आणि म्हणून गाडी खाली बसली की चाकाचा वरचा भाग आत ओढला जातो.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे साध्या भूमितीने काढता येते. समजा वरचा आर्म २५० मिलिमीटर आणि खालचा ३७५ मिलिमीटर लांब आहे, मूळ उंचीवर दोन्ही आर्म जमिनीला समांतर आहेत, आणि दोन बॉल जॉइंटमधले अंतर २८० मिलिमीटर आहे. गाडी १०० मिलिमीटर खाली आणली तर वरच्या आर्मचे टोक सुमारे २१ मिलिमीटर आत येते आणि खालच्याचे सुमारे साडेतेरा मिलिमीटर. या साडेसात मिलिमीटरच्या तफावतीमुळे चाक जवळजवळ दीड अंश आत कलते. प्रत्यक्ष गाडीत आर्म सुरुवातीलाच तिरके असतात, त्यामुळे बदल याहून कमी किंवा जास्त असू शकतो. पण महत्त्वाची बाब ही की तो उंचीच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या २५ मिलिमीटरला जेवढा फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट शेवटच्या २५ मिलिमीटरला पडतो, आणि हवा पूर्ण सोडून चासी जवळजवळ जमिनीला टेकवलेल्या गाडीची चाके एवढी कललेली दिसतात ती यामुळेच.

डोळ्यांना कॅम्बर दिसतो, म्हणून टायर खाल्ला गेला की दोषही त्यालाच दिला जातो. माझ्या मते बहुतेक प्रकरणांत खरा दोष टोचा असतो. एक-दीड अंश ऋण कॅम्बर असलेला टायर आतल्या बाजूला जास्त भार घेतो आणि हळूहळू झिजतो, हे खरे. परंतु टोचा बिघाड टायरला पुढे चालता चालता सतत आडवा घासत नेतो. चाक जाण्याच्या दिशेशी अर्धा अंश तिरके असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे ८.७ मीटर आडवे घासले जाण्याच्या बेतात असते. कोल्हापूर ते पुणे हे साधारण २३० किलोमीटरचे अंतर कापताना हा हिशेब सुमारे २ किलोमीटरवर जातो. म्हणजे एका फेरीत टायरला दोन किलोमीटर आडवे फरफटत नेण्यासारखा ताण रबरावर पडतो, आणि तोही जर ऋण कॅम्बरमुळे आतल्या कडेवर एकवटलेला असेल तर आतली तार दिसायला वेळ लागत नाही. नुसत्या कॅम्बरने झिजलेली कड साधारणपणे गुळगुळीत असते. टो बिघडलेला असेल तर टायरवर आडवा हात फिरवल्यावर एका दिशेने तो गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखा टोचतो; ही तपासणी करायला कोणतेही मशीन लागत नाही.

खाली बसवलेल्या गाडीचा टो का बिघडतो, हे समजायला टाय रॉडकडे पाहावे लागते. स्टिअरिंग रॅकपासून नकलपर्यंत जाणारा टाय रॉडसुद्धा आर्मप्रमाणेच आपल्या आतल्या सांध्याभोवती वर्तुळाकार फिरतो. कारखान्यात त्याची लांबी, उंची आणि तिरपेपणा असा ठरवलेला असतो की नेहमीच्या उंचीच्या आसपास त्याचे टोक आणि नकल एकाच मार्गाने वरखाली व्हावेत. गाडी बरीच खाली आणली की आर्म आणि टाय रॉड त्यांच्या नेहमीच्या पट्ट्यातून बाहेर पडतात, त्यांचे मार्ग फाकतात, आणि टाय रॉड नकलला ओढू किंवा ढकलू लागतो. ही तफावत फक्त ३ मिलिमीटर असली आणि नकलवरचा स्टिअरिंग आर्म (ज्याला टाय रॉड जोडलेला असतो) १५० मिलिमीटर लांब असला, तरी त्या एका चाकाचा टो १ अंशाहून अधिक बदलतो. टाय रॉड ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर चाके आत वळणार की बाहेर फाकणार हे ठरते.

याचा त्रास केवळ टायरापुरता राहत नाही. टाय रॉड या बिघडलेल्या पट्ट्यात असताना रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यागणिक टो बदलत राहतो, म्हणजेच चालकाने स्टिअरिंग न हलवता चाके स्वतःहून वळतात. याला बंप स्टिअर म्हणतात. दोन्ही चाके एकदम खाली-वर झाली तर परिणाम अंशतः एकमेकांना तोडतो, पण एकच चाक खड्ड्यात गेले किंवा वळणावर गाडी एका बाजूला कलली तर तो तोडला जात नाही. करूळ घाटात किंवा आंबा घाटात उतारावर ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग आणखी खाली दबतो आणि त्याच क्षणी वळणही असते. अशा वेळी गाडी हातातल्या स्टिअरिंगपेक्षा जास्त किंवा कमी वळते आहे असे जाणवले, तर ती गाडी घाटात नेण्याआधी दुरुस्त झाली पाहिजे. अलाइनमेंटच्या मशीनवर स्थिर उभ्या गाडीचा टो कितीही अचूक जुळवला तरी बंप स्टिअर त्याने जात नाही, कारण तो टाय रॉडच्या लांबीचा नसून त्याच्या जागेचा दोष असतो.

आता हवेकडे. फुग्यातला दाब आणि गाडीची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेक घरगुती जोडण्यांत इथेच चूक होते. डॅशबोर्डवर फक्त दाबाचे काटे आणि हाताने दाबायचे स्विच असतील, तर मालक दर वेळी तोच दाब लावतो आणि उंचीही तीच झाली असे मानतो. प्रत्यक्षात मागे दोन माणसे बसली, हौद्यात सामान ठेवले किंवा डिझेलची टाकी भरली की तेवढ्याच दाबाला गाडी खाली बसते. पुण्या-मुंबईला जाणाऱ्या आरामबसमध्ये कारखान्यातूनच जे हवेचे सस्पेन्शन येते, त्यात म्हणून दाब नव्हे तर उंची राखली जाते: ॲक्सलला जोडलेली एक काडी लेव्हलिंग व्हॉल्व्हला सांगते की बस खाली गेली आहे, आणि व्हॉल्व्ह लागेल तेवढी हवा आत सोडतो. पिकअपसाठी उंची मोजणारे सेन्सर आणि ठरलेल्या उंची स्मरणात ठेवणारी नियंत्रण पेटी मिळते. त्यांचा खर्च मोठा असतो, पण ज्याला ही गाडी रोज चालवायची आहे त्याने चाके आणि रंगावर खर्च करण्याआधी यावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण उंची पुन्हा पुन्हा नेमकी तीच येत नसेल तर अलाइनमेंटला काही अर्थच उरत नाही.

डाव्या-उजव्या बाजूंचेही असेच. दोन्ही पुढच्या फुग्यांना एकाच नळीतून हवा दिली असेल आणि मध्ये व्हॉल्व्ह नसेल, तर वळणावर दबलेल्या फुग्यातली हवा दुसऱ्यात जाते आणि गाडी अधिकच कलते. एका फुग्याच्या जोडाला बारीक गळती असेल तर रात्रभरात ती बाजू खाली बसते. सकाळी चालकाने दाबाचा काटा पाहून हवा भरली तरी दोन्ही बाजूंची उंची सारखी होईलच असे नाही, आणि मग एका चाकाचा कॅम्बर व टो दुसऱ्यापेक्षा वेगळे राहून गाडी एका बाजूला ओढते. ही गळती पावसाळ्यात जास्त त्रास देते. कॉम्प्रेसर बाहेरची दमट हवा ओढतो, तिच्यातले पाणी हवेच्या टाकीत साठते, नळ्यांतून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते आणि तिथे गंज व कचरा धरून व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाही. कोल्हापूरच्या पावसात टाकीच्या खालचा नळ उघडून पाणी वरचेवर काढून टाकणे हे त्यामुळे चाकांच्या अलाइनमेंटचेच काम आहे.

मागच्या बाजूची कथा वेगळी आहे. सलग ॲक्सल असल्यामुळे उंची बदलली तरी मागच्या चाकांचा कॅम्बर आणि टो जवळजवळ तसेच राहतात. पण फुगे बसवताना पाटे काढले जातात, आणि पाटे नुसता भार उचलत नव्हते तर ॲक्सलला त्याच्या जागी धरूनही ठेवत होते. ते काम आता लिंकांना, म्हणजे ॲक्सल आणि चासी जोडणाऱ्या लोखंडी दांड्यांना, करावे लागते. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड लावला असेल, तर त्याचे एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला असते, आणि उंचीबरोबर तो ॲक्सलला थोडा आडवा ओढतो. ७०० मिलिमीटर लांबीचा रॉड चालवण्याच्या उंचीवर आडवा सपाट असेल, तर त्या उंचीपासून ७५ मिलिमीटरच्या हालचालीला ॲक्सल फक्त ४ मिलिमीटर सरकतो, पण १५० मिलिमीटरला १६ मिलिमीटरहून अधिक. म्हणून हा रॉड गाडी उभी करण्याच्या नव्हे, तर चालवण्याच्या उंचीवर सपाट येईल असा बसवायचा असतो.

त्याहून गंभीर दोष म्हणजे ॲक्सल चौकटीला काटकोनात न बसणे. लिंकांची कंसे वेल्ड करताना एका बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा १० मिलिमीटर पुढे राहिले आणि दोन्ही चाकांतले अंतर दीड मीटर असले, तर मागचा ॲक्सल जवळजवळ ०.४ अंश तिरका ढकलतो. गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग वाकडे धरावे लागते आणि मागून पाहणाऱ्याला ती तिरकी चाललेली दिसते. या कोनाला थ्रस्ट अँगल म्हणतात. फक्त पुढच्या दोन चाकांवर सेन्सर लावणाऱ्या दुकानात तो सापडतच नाही, त्यामुळे अशा गाडीसाठी चारही चाके मोजणाऱ्या मशीनचाच आग्रह धरावा. मागच्या ॲक्सलच्या उंचीबरोबर इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोनही बदलतात आणि ठरावीक वेगाला थरथर सुरू होते. ती अलाइनमेंटची किंवा बॅलन्सिंगची समजून टायर बदलत बसू नये.

पुढचा भाग मागच्यापेक्षा खाली ठेवण्याची पद्धत दिसायला आकर्षक असते, पण तिचा थेट परिणाम कास्टरवर होतो. सुमारे ३.१ मीटर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर) असलेल्या पिकअपचा पुढचा भाग मागच्याच्या तुलनेत ५४ मिलिमीटर खाली गेला की सगळी चासी १ अंश पुढे झुकते आणि तेवढाच कास्टर कमी होतो. त्यात खाली बसवल्यामुळे आर्मची जागा बदलून आणखी फरक पडू शकतो. कास्टर घटलेली गाडी पुणे-बेंगळुरू महामार्गावर वेगात असताना भटकते, हलक्या हाताला ऐकत नाही, आणि वळणानंतर स्टिअरिंग आळसावल्यासारखे परत येते. टायर मात्र यात खाल्ला जात नाही, म्हणून हा दोष अनेक महिने लक्षातच येत नाही.

अलाइनमेंट करून घेण्याची पद्धत या सगळ्यातूनच निघते. सर्वांत आधी मालकाने ठरवावे की गाडी बहुतांश वेळ नेमक्या कोणत्या उंचीवर चालणार आहे. ती उंची जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजावी, म्हणजे टायरातल्या हवेचा किंवा झिजेचा तिच्यावर परिणाम होत नाही, आणि चारही चाकांची नोंद लिहून ठेवावी. गाडी रॅम्पवर चढवताना उंच करावी लागली तर हरकत नाही, परंतु चढल्यावर ती पुन्हा ठरलेल्या उंचीवर आणलीच पाहिजे. उंची एका दिशेनेच आणावी: हवा थोडी जास्त सोडून मग हळूहळू भरत नोंदीच्या आकड्यावर थांबावे, कारण बुश आणि सांध्यांच्या घर्षणामुळे खालून येताना आणि वरून येताना गाडी थोडी वेगळी बसते. चालकाच्या जागी नेहमीच्या चालकाएवढे वजन ठेवावे आणि हौद्यात रोज जे सामान असते ते राहू द्यावे. बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक, आर्मचे बुश आणि व्हील बेअरिंग यांपैकी एकातही खेळ असेल तर तो भाग आधी बदलावा; सैल सांध्यावर जुळवलेला कोन पहिल्या खड्ड्यालाच निघून जातो.

त्यानंतर कामाचा क्रम मागून पुढे जातो. मागचा ॲक्सल आधी काटकोनात आणायचा, मग पुढचा कास्टर आणि कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटी, स्टिअरिंग मध्यावर बांधून, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. गाडीनुसार कॅम्बर आणि कास्टर आर्मजवळच्या शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) किंवा फिरवून आर्म सरकवणाऱ्या कॅम बोल्टने हलवता येतात, पण त्यांचा पल्ला मूळ उंचीसाठी ठेवलेला असतो आणि बरीच खाली बसवलेली गाडी त्यात बसेलच असे नाही. मशीनमध्ये भरलेल्या मर्यादाही मूळ उंचीच्याच असल्याने तिथे कॅम्बर लाल दिसला तरी त्यासाठी गाडी उंच करून आकडा हिरवा करून घेऊ नये. टो ठरलेल्या उंचीवर नेमका बसवावा आणि दोन्ही बाजूंचे कॅम्बर व कास्टर एकमेकांच्या शक्य तितके जवळ आणावेत. शेवटी कारागिराला एक विनंती जरूर करावी: गाडी ठरलेल्या उंचीपेक्षा २५ मिलिमीटर वर आणि मग २५ मिलिमीटर खाली नेऊन टो पुन्हा वाचावा. तो फारसा हलला नाही तर गाडी चालवायला योग्य आहे. दोन्हीकडे मोठा बदल दिसला तर निवडलेली उंची चुकीची आहे, किंवा टाय रॉडची जागा बदलण्याची गरज आहे.

ही जागा बदलण्याचे प्रामाणिक मार्ग मोजके आहेत. ज्या नकलमध्ये चाकाचा स्टब (ज्यावर चाक फिरते तो दांडा) मूळ जागेपेक्षा वर बसवलेला असतो तशी नकल मिळाली, तर गाडी खाली येते पण आर्म आणि टाय रॉड जवळजवळ मूळच्याच कोनात राहतात, आणि वर वर्णन केलेल्या बऱ्याच अडचणी उद्भवतच नाहीत. ते शक्य नसेल तर टाय रॉडचे बाहेरचे टोक योग्य स्पेसरने खाली-वर सरकवणे, वरचा आर्म समायोज्य घेणे, किंवा थोडी कमी खाली बसवलेली उंची स्वीकारणे हे पर्याय उरतात. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर नेमका स्पेसर, बुश किंवा शिम करून देणारे हात आहेत आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. परंतु नकल, स्टिअरिंग आर्म किंवा टाय रॉड तापवून वाकवणे आणि त्यांना वेल्ड मारणे हे कोणीही करू नये व कोणाकडून करून घेऊ नये. हे भाग विशिष्ट उष्णता-प्रक्रियेने मजबूत केलेले असतात. तापवल्यावर ती मजबुती जाते, आणि तुटताना ते आधी इशारा देत नाहीत.

उंची हवी तेव्हा बदलता येते म्हणून ती चालताना कशीही ठेवावी असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या निकषाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आणि गावोगावचे अनेक गतिरोधक याहून आखूड व टोकदार असतात, त्यामुळे त्यांच्यावरून जाताना गाडी उंच करणे आवश्यकच आहे. अशा वेळी काही मीटर हळू चालताना टो बदलला तर टायरला काही होत नाही. नुकसान होते ते उंच केलेली गाडी तशीच कागलपर्यंत पळवण्याने, किंवा शहरात मिरवण्यासाठी हवा सोडून तळाशी आणलेली गाडी त्याच स्थितीत महामार्गावर नेण्याने.

कायद्याची बाजूही काम सुरू करण्याआधी पाहावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम याच काटेकोर अर्थाने वाचले आहे. म्हणून कंस वेल्ड होण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करणे शहाणपणाचे ठरते.

काम झाल्यावर चाचणी घेताना रस्ता सपाट निवडावा. आपल्याकडच्या रस्त्यांना पाणी वाहून जाण्यासाठी कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे हात सोडल्यावर गाडी किंचित डावीकडे जाणे हा दोष नव्हे. मात्र ती उजवीकडे जात असेल, आणि पुढच्या दोन चाकांचे टायर आपसात बदलल्यावर ओढण्याची दिशा बदलत नसेल, तर दोष टायरचा नसून कोनांचा, ब्रेकचा किंवा दोन बाजूंच्या उंचीचा आहे, आणि त्यांतली उंची फुटपट्टीने घरच्या घरी तपासता येते. नवे बुश आणि नव्या लिंका पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये आपापल्या जागी बसतात, म्हणून तेवढ्या अंतरानंतर बोल्ट पुन्हा आवळून, त्याच नोंदवलेल्या उंचीवर, अलाइनमेंट दुसऱ्यांदा करून घ्यावी. आणि त्या दिवशी मिळालेल्या कागदाच्या कोपऱ्यात चारही चाकांच्या उंचीचे आकडे पेनाने लिहायला कारागिराला सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात गेले तरी मोजणी तिथूनच सुरू होईल.